गोव्याचा आवाज आणणारा रेडिओ

मित्रांनो, जयपूर शहरातील बनी पार्क या वस्तीत एक पिवळ्या रंगाचे बैठे घर आहे. त्या घराच्या मधल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या माथ्यावर, विटलेल्या चादरीखाली जो चौकोनी उंचवटा दिसतो, तो मी. मी एक जुना रेडिओ आहे. सांप्रत माझ्या पाठीवर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एकेकाळी एका लेकीचे माहेर माझ्या पोटातून बोलत असे, ही हकीकत तुम्हांस सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म मुंबईतील एका कारखान्यात झाला. गुळगुळीत लाकडाचे माझे अंग, पुढे सोनेरी कापडाची जाळी, बाजूला काचेचा एक हिरवा डोळा आणि पोटात व्हॉल्व्ह नावाच्या काचेच्या नळ्या. कळ फिरवल्याबरोबर बोलू लागणे माझ्या स्वभावात नव्हते. आधी नळ्या तापत, मग हिरवा डोळा उघडे आणि त्यानंतर मला कंठ फुटे. तोवर घरातील माणसे माझ्याकडे टक लावून पाहत असत. त्या पाहण्याचे सुख आजच्या तळहातावर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरला कधी कळणार नाही.

एकोणीसशे पंचावन्न साली प्रभाकरराव नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतले. ते मूळचे सातारचे असून केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते. त्यांची बदली जयपूरला झाली होती, म्हणून मीही गादीत गुंडाळला जाऊन आगगाडीने जयपूरला आलो. गाडीला हादरा बसला की त्यांच्या पत्नी शालिनीबाई गादीवरून माझ्यावर हात ठेवीत. त्यांच्या दुसऱ्या हाताशी त्यांची चिमुकली मुलगी विनया निजलेली असे.

शालिनीबाईंचे माहेर गोव्यात, फोंड्याजवळील एका गावी होते. त्यांची आई त्या लहान असतानाच वारली. वडील गोविंदबाब मराठी शाळेत शिकवीत आणि देवळात भजन गात. त्यांना लेक आपा म्हणत असे. आपांनी एकट्यानेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवले होते.

त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. आपला देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, आमचे जयपूरही राजस्थानात आले. गोवा मात्र बाहेर राहिला. त्याच पंचावन्न सालच्या पावसाळ्यात निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सीमा बंद झाली. जाण्यायेण्यास परवाने लागू लागले. पत्रे महिनोन्महिने रखडू लागली. जेथे आपला परकर वाळत असे ते अंगण शालिनीबाईंना परदेश झाले.

एका गुरुवारी दिवेलागणीच्या वेळी त्या माझी सुई सहज फिरवीत होत्या. खरखर, शिट्ट्या, अरबी गाणे, पुन्हा खरखर असे सरता सरता पणजीचे केंद्र लागले. निवेदकाने कोंकणीत काही सांगितले आणि मागाहून मराठी भजन सुरू झाले. झांजांच्या आड एक जाड, किंचित नाकातला आवाज होता. शालिनीबाईंच्या हातातील वात खाली पडली.

"अहो! इकडे या! आपा आहेत!"

प्रभाकरराव धोतराचा सोगा सावरीत बाहेर आले. "कुठे आहेत?"

"ह्यात!" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केले. त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळेही वाहत होते.

प्रभाकररावांनी थोडा वेळ ऐकले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आवाज त्यांचाच आहे खरा. पण हे केंद्र कोणाचं? त्या सरकारचं मीठ खाऊन गातात?"

"देवाचं गातात ते. देवाला कुठे लागतो परवाना?"

"लहान कर जरा. शेजारी काय म्हणतील? मी सरकारी नोकर आहे."

तेव्हापासून या घरात असा नेम पडला की, गुरुवारी दिवा लावून झाला म्हणजे खिडकी ओढून घ्यायची आणि मला अगदी हळू आवाजात लावायचे. शालिनीबाई माझ्या जाळीला कान टेकवून बसत. त्यांच्या कुड्याचा खडा माझ्या कापडाला टोचत असे. मित्रांनो, कारखान्यातून माझ्यासारखे हजारो निघाले असतील. परंतु कोणाच्या अंगाला असा कान लागला असेल, असे मला वाटत नाही. भजन संपल्यावर त्या मला पदराने पुसत आणि स्वयंपाकघरात जाताना विनयेला म्हणत, "आपा बरे आहेत हो. आज सूर चांगला लागला होता."

हळूहळू पत्रांची वाट पाहणे त्यांनी सोडून दिले. पत्र काय, कोणी लिहिले आणि केव्हा लिहिले, कोणास ठाऊक. आवाज मात्र ताजा आहे, अशी त्यांची समजूत झाली. त्या समजुतीत मी फुगून गेलो होतो, हे मी कबूल करतो.

आमच्या शेजारी उमाकांतराव राहत. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवीत. संध्याकाळी चहाला आले की त्यांचा आणि प्रभाकररावांचा गोव्यावर वाद चाले. प्रभाकरराव नेहमी म्हणत, "दोन महिने थांबा. दोन महिन्यांत गोवा आपला." त्यावर उमाकांतराव कपात पाहत म्हणत, "प्रभाकरराव, तुमचे हे दोन महिने पंचावन्न सालापासून चालू आहेत. गरोदर बाईसुद्धा एवढी थांबत नाही." मग दोघेही हसत. शालिनीबाई हसत नसत.

आता एकोणीसशे साठ सालच्या संक्रांतीचे सांगतो. त्या वर्षी संक्रांत गुरुवारी आली होती. जयपूरची संक्रांत म्हणजे पतंगांची. सकाळपासून सारे शहर गच्चीवर चढलेले असते आणि आभाळात तसूभर जागा मोकळी राहत नाही. आमच्या घराच्या गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये माझी एरियलची तार ताणलेली होती. दुपारी कोणाचा तरी मांजा तिच्यात गुंतला. वरून त्याने जोराने ओढले असावे, कारण तार तुटून परसात पडली आणि मी मुका झालो.

त्यावेळी घरात एक वेगळीच गोष्ट घाटत होती. जवळच्या नातलगांना गोव्यास जाण्याचे परवाने थोडेफार मिळू लागले आहेत, अशी बातमी सावंतवाडीकडील एका ओळखीच्या बाईंनी कळवली होती. शालिनीबाईंनी ती चार दिवस मनात ठेवली होती. दिवेलागणीला त्यांनी मला लावले. हिरवा डोळा उघडला, परंतु खरखरीवाचून काही निघेना. तेव्हा त्यांचा धीर सुटला.

तिळगुळासाठी उमाकांतराव आलेले होते. त्यांच्या समक्षच त्या पतीस म्हणाल्या, "मला परवाना काढून द्या. मी आपांना भेटून येते."

"आत्ता? आत्ता तर सारं ठरत आलंय. दोन महिने थांब."

"मी सात वर्षं नाही गेले हो."

"कोणाच्या दारात उभी राहणार तू? ज्यांनी आपल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या, त्यांच्या? सही कर, शिक्का दे, म्हणून? आपण जाऊ ते मानानं जाऊ. परवान्याशिवाय, आपल्याच देशात जावं तसं."

विनया तेव्हा आठ वर्षांची होती. तिळाचा लाडू चघळत ती मध्येच म्हणाली, "काका, मतलब गोवा रुसलाय का? शाळेत बाईंनी सांगितलं, अजमेर पण उशिरा आलं. पण आलं ना!"

उमाकांतरावांनी तिला जवळ घेतले. "रुसला नाही गं. अजमेरचं कसं, ते आपल्याच घरात होतं. कारभार दिल्लीहून चालायचा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, एवढंच. तरीसुद्धा आयोग बसला, अहवाल आला, संसदेत कायदा झाला, तेव्हा कुठे छप्पन्न साली ते राजस्थानात आलं. पाँडिचेरी फ्रेंचांकडे होती. त्यांनी बोलणी करून चौपन्न साली ती आपल्या हाती दिली, पण कराराचं काम अजून पुरं झालेलं नाही. आणि पोर्तुगीज तर म्हणतात, गोवा ही आमची वसाहतच नव्हे, आमच्या देशाचाच तो तुकडा आहे. मग बोलायचं कशावर? आपण तर साऱ्या जगाला सांगत आलो की, भांडणं बोलून मिटवा. आपणच बंदूक उचलली, तर तोंड कुठे दाखवायचं? म्हणून वेळ लागतो. देशाला देश जोडणं म्हणजे बटण लावणं नव्हे, बेटा."

शालिनीबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं सगळं खरं आहे. पण तेवढा वेळ माणूस म्हातारं व्हायचं थांबतं का?"

अखेर प्रभाकरराव उठले, अंगात कोट चढवला आणि म्हणाले, "बरं. उद्या कचेरीत चौकशी करतो." मग त्यांना बायकोची दया आली असावी, कारण ते सणाच्या संध्याकाळी थेट चौडा रस्ता नावाच्या बाजारात जाऊन गुलाबचंदजींना घेऊन आले.

गुलाबचंदजी म्हणजे माझे वैद्य. कपाळावर केशरी गंध, तोंडात पान आणि खिशात पेचकस, म्हणजे स्क्रू फिरवण्याचे हत्यार. त्यांनी पोराबाळांच्या गर्दीतून गच्चीवर जाऊन नवी तार बांधली व खाली येऊन म्हणाले, "बाईसा, अब ऐसा बाँधा है कि गोवा तो क्या, लंका भी बोलेगी. और ये पतंगवाले फिर काटें तो मुझे बताना, मैं उनकी डोर काटूँगा!"

त्यांनी मला लावले. नळ्या तापल्या. केंद्र नीट लागल्याची खूण म्हणून हिरवा डोळा आकसला. आणि सणामुळे लांबलेल्या भजनाचे शेवटचे कडवे ऐकू आले. मधेच आपांनी घसा खाकरला आणि पुन्हा सूर धरला.

शालिनीबाई जमिनीवर बसल्या. बराच वेळ त्यांचा हात माझ्यावर होता. मग त्या पतीकडे न पाहता बोलल्या, "राहू द्या. आवाज खणखणीत आहे. घसा तेवढा बसलाय थंडीनं. तुम्ही म्हणता तसं मानानंच जाऊ."

मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! एका माउलीचा जीव मी भांड्यात पाडला, असे मला वाटले. त्या घरात माझी एवढी वाहवा पुन्हा कधी झाली नाही. शालिनीबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मला दाखवले आणि माझ्या माथ्यावरही तिळगुळाची वडी ठेवली.

त्यानंतर साठ साल गेले आणि एकसष्टही सरत आले. गुरुवारचा नेम चुकला नाही. एकदा विनया अभ्यास करता करता म्हणाली, "आई, आजोबा नेहमी तिथेच का खाकरतात?"

"कुठे गं?"

"शेवटच्या कडव्यात. दर वेळी."

"सवय असते एकेकाला," असे म्हणून शालिनीबाई हसल्या. "तुझे बाबा नाही का जेवायला बसताना खाकरत?"

मला त्यात काही वावगे दिसले नाही. माझ्यापर्यंत जे येते ते लहरींतून येते. गाणारा समोर बसून गात आहे की त्याचा आवाज फितीवर गुंडाळून ठेवला आहे, हे ओळखण्याचे इंद्रिय कारखान्याने मला दिलेले नाही.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात आपले सैन्य गोव्यात गेले. दोन दिवसांत तेथील पोर्तुगीज राजवट संपली. आमच्या घरात अर्धी गल्ली लोटली होती. त्या दिवशी खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मला पूर्ण आवाजात लावले होते. दिल्लीच्या केंद्राने बातमी दिली तेव्हा प्रभाकरराव लहान मुलासारखे टाळ्या वाजवीत होते. गुलाबचंदजी तिळाची गजक घेऊन आले. "बाईसा, पीहर मुबारक हो!" पीहर म्हणजे माहेर. शालिनीबाईंनी सर्वांना वाकून नमस्कार केला आणि देवापुढे साखर ठेवली.

मग गुरुवार आला. खिडकी ओढून घेण्याचे आता कारण नव्हते. त्यांनी सुई जुन्या जागी आणली. तेथे काहीच नव्हते. लढाईत पणजीचे ते केंद्र मुके झाले होते. मी जीव तोडून शोधले, पण खरखरीशिवाय माझ्या हाती काही लागले नाही.

"बंद असेल थोडे दिवस," त्या विनयेला म्हणाल्या. "आता आपा आपल्या सरकारच्या केंद्रावर गातील. आणि त्याच्या आधी आपणच जाऊ."

परंतु जाणे लगेच झाले नाही. पूल उडवलेले होते, लष्कराचा अंमल होता. शिवाय देश हाती आला तरी तो कायद्याने आत घ्यावा लागतो. संसदेने मार्च महिन्यात घटना दुरुस्त केली, तेव्हा गोवा रीतसर आपल्या संघराज्यात आला. प्रभाकररावांची रजा उन्हाळ्यात मंजूर झाली. शालिनीबाईंनी वडिलांसाठी एक पातळ जयपुरी रजई घेतली, विनयेकडून एक भजन पाठ करून घेतले आणि निघताना मला चादर घातली. तीच ही चादर.

ते परत आले तेव्हा मे महिना सरत होता. घराचे दार उघडले, पंखा लागला. ट्रंकेवर रजई तशीच बांधलेली होती. संध्याकाळी उमाकांतराव आले. "काय वहिनी, पाहिलंत का माहेर? आपा काय म्हणतात?"

शालिनीबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्या अगदी सावकाश बोलल्या.

"आपा जाऊन दोन पावसाळे झाले, भाऊजी."

"म्हणजे? परवा डिसेंबरपर्यंत तर..."

"मीही विलासला तेच म्हणाले." विलास म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. "मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, असं अभद्र काय बोलतोस, मी ह्या कानांनी ऐकलंय. तेव्हा त्यानं सांगितलं. साठ सालच्या आषाढात गेले. चार दिवसांचा ताप. त्याच्या आधी केंद्रानं त्यांची भजनं फितीवर घेऊन ठेवली होती. तीच लावायचे. विलासनं सावंतवाडीकडे जाणाऱ्या एकाच्या हाती निरोप पाठवला होता. त्याला सीमेवरून परत फिरवलं."

उमाकांतरावांनी चष्मा काढला.

"आणि ऐका ना," शालिनीबाई पुढे म्हणाल्या, "पत्र का नाही लिहीत, असं विलास त्यांना विचारायचा. तर म्हणायचे, कशाला? शालू मला दर गुरुवारी ऐकते. केंद्रावरून घरी आले की पाय धुवायचे आणि सांगायचे, आज लेकीची भेट झाली. मी इथे म्हणायचे, आपा बरे आहेत. ते तिथे म्हणायचे, भेट झाली. आणि त्यांना माझा आवाज सात वर्षं ऐकूच आला नाही हो. एकदाही नाही."

प्रभाकरराव दारात उभे होते. "माझ्यामुळे झालं. दोन महिने, दोन महिने म्हणत राहिलो. त्या संक्रांतीला परवाना काढला असता, तर..."

"तुम्ही निघाला होतात. मीच राहू द्या म्हटलं," शालिनीबाई म्हणाल्या. "भाऊजींनी तेव्हा सांगितलं होतं, गोव्याला यायला उशीर का होतोय ते. त्याला कारणं होती. मला जायला उशीर झाला, त्याला कारण नव्हतं. मला नुसता आवाज पुरला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी माझी चादर नीट केली आणि त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी स्वतः मला कधी लावले नाही. बातम्या प्रभाकरराव ऐकत, क्रिकेटचे समालोचन शेजारची मुले ऐकत. पुढे माझ्या नळ्या क्षीण झाल्या. गुलाबचंदजींनी एकदा मला उघडून पाहिले आणि मान हलवली. बासष्ट सालानंतर एक बदल मात्र मी पाहिला. सातारच्या थोरल्या बहिणीला पडसे झाले, असे कळले तरी प्रभाकरराव रजेचा अर्ज टाकीत. कचेरीतील लोक थट्टा करीत, "साहब, बहन को छींक आई क्या?" ते सरळ जाऊन गाडीत बसत. विनया आता वसतिगृहात राहून शिकते. तिला भेटायला शालिनीबाई उन्हातान्हात जातात. फोन करून चालेल, असे कोणी सुचवले तर त्या केवळ चप्पल पायात घालतात.

मित्रांनो, म्हातारी वस्तू शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवते. मलाही तसे विनवता आले असते. माझी धूळ झटका, मला भंगारात देऊ नका, असे मी म्हणू शकलो असतो. परंतु माझी विनंती निराळी आहे. देश एकमेकांना मिळण्यास उशीर लागतो. त्यांच्यामध्ये सीमा असतात, करार असतात, कायदे असतात, आणि तो उशीर देशांना सोसतो, कारण देशांचे आयुष्य मोठे असते. तुमच्या आजोबांचे तेवढे नसते. मी दूरचा आवाज तुमच्या घरात आणू शकतो. तो माणूस जेवला का, त्याचा हात थरथरतो का, तो जिवंत आहे का, हे मला सांगता येत नाही. म्हणून ज्यांचा आवाज ऐकून तुमचे समाधान होते, त्यांच्या घरी जा. तुमच्या घरातील मोठी माणसे "पुढच्या सुटीत जाऊ" असे म्हणाली, तर त्यांच्याशी वाद घालू नका. खुंटीवरची पिशवी काढा, तिच्यात त्यांचे कपडे भरा आणि ती त्यांच्या हाती देऊन दार उघडून उभे राहा.